गॅस बॉयलर की हीट पंप? आधी घर ४५ अंशांवर चालवून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगला १९३०च्या दशकातले तीन बेडरूमचे सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेले, घर आहे. काँबी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय रेडिएटरचे आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारा गॅस बॉयलर, चौदा वर्षांचा झाला असून वर्षाला साधारण १४,००० युनिट (किलोवॉट-तास) गॅस लागतो. एका इन्स्टॉलरने १२ किलोवॉटचा हीट पंप आणि सगळे रेडिएटर नवे, असे कोटेशन दिले. दुसऱ्याने हे घर हीट पंपाला योग्यच नाही, सरळ नवा बॉयलर घाला, असे सांगितले. हिवाळ्यात पुण्याहून आईवडील येऊन राहतात, त्यामुळे घर गार पडले तर पंचाईत होईल. अशा वेळी कोणाचे ऐकावे?

माझ्या मते निदान आत्ता तरी दोघांचेही ऐकू नये, कारण ज्या एका आकड्यावर हा सगळा निर्णय उभा राहतो तो आकडा दोघांनीही काढलेला दिसत नाही. वर्षातली सर्वांत कडक थंडी असताना घर उबदार ठेवण्यासाठी रेडिएटरमधून किती तापमानाचे पाणी फिरवावे लागते, हा तो आकडा. मी इथे आधी गॅस बॉयलर बसवत होतो आणि आता हीट पंपाच्या सिस्टिम डिझाइन करतो. घर जुने आहे की नवे, यापेक्षा हे तापमान ४५ अंश आहे की ६५, यावरूनच पुढे घरमालक समाधानी राहील की वीजबिल हातात घेऊन फोन करेल, हे ठरते.

याचे कारण यंत्राच्या स्वभावात आहे. बॉयलर गॅस जाळतो, त्यामुळे पाणी ५० अंशांना द्या किंवा ७० अंशांना, त्याला हीट पंपाइतका फरक पडत नाही. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. मुंबईच्या घरातला स्प्लिट एसी जे काम करतो तेच काम उलट्या दिशेने होते. बाहेरची हवा आणि रेडिएटरचे पाणी यांच्या तापमानातली दरी जितकी मोठी, तितके कंप्रेसरला कष्ट जास्त. ढोबळ मानाने पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवले की वीज दोन ते अडीच टक्के वाचते. कडक थंडीत ४५ अंशांवर भागणारी आणि एरवी त्याहूनही कोमट पाण्यावर चालणारी सिस्टिम वर्षभराच्या सरासरीने एका युनिट विजेत साडेतीन ते चार युनिट उष्णता देऊ शकते. तोच पंप ५५-६० अंशांवर राबवला तर सरासरी तीनच्या खाली घसरते.

हा फरक पैशांत मांडून पाहू. गॅस ६ पेन्स युनिट आणि वीज २६ पेन्स युनिट धरू. तुमच्या बिलावरचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे. १४,००० युनिट गॅसचे ८४० पौंड होतात. बॉयलरची प्रत्यक्ष कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घराला मिळणारी उष्णता सुमारे ११,९०० युनिट. सरासरी साडेतीन आली तर त्यासाठी ३,४०० युनिट वीज, म्हणजे ८८४ पौंड. सरासरी चार आली तर सुमारे ७७५ पौंड आणि २.८ आली तर १,१०५ पौंड. तेव्हा ब्रिटनमध्ये वीज गॅसच्या चौपट महाग असेपर्यंत हीट पंप आपोआप पैसे वाचवतो, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे हा हिशेब मागावा. सौर पॅनेल असतील किंवा हीट पंपासाठीचा खास वीजदर घेतला, ज्यात दिवसातले काही तास वीज स्वस्त मिळते, तर पारडे बऱ्यापैकी तुमच्या बाजूला झुकते. डिझाइन फसले तर मात्र कोणताही दर वाचवू शकत नाही.

आता तो आकडा स्वतः कसा काढायचा ते सांगतो, कारण यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. काँबी बॉयलरच्या पॅनेलवर दोन सेटिंग असतात, एक नळाचे चिन्ह असलेले आणि एक रेडिएटरचे. नळाच्या सेटिंगला हात लावायचा नाही. रेडिएटरचे तापमान, जे बहुधा ७० किंवा त्याहून वर ठेवलेले असते, ते ५० करायचे. घरातल्या सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, टायमर बंद करून हीटिंग दिवसरात्र चालू ठेवायचे आणि खोलीखोलीत साधे थर्मामीटर ठेवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवायचे. मग ४५ करून तेच पुन्हा. बाहेर शून्याच्या आसपास असताना ४५ अंशांवर जी खोली २० अंशांपर्यंत पोहोचते तिचा रेडिएटर बदलण्याचे कारण नाही. जी १७-१८ वर अडकते तिथेच काम करावे लागेल. बाहेर पाच अंश असताना चाचणी घेतली तर ४५ अंशांचा निकाल फसवा येतो, कारण तेव्हा घराची गरज, डिझाइनमध्ये इथली कडक थंडी म्हणून धरतात त्या उणे दोन अंशांच्या तुलनेत, दोन-तृतीयांशच असते; त्या दिवशी ४० अंशांवर घर तापते का ते पाहावे. घरात काँबी नसून गरम पाण्याची टाकी असेल तर हा प्रयोग असाच्या असा करू नये, कारण टाकीतले पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित राहण्याइतके तापले पाहिजे.

या चाचणीतून हीट पंप बसवायचा नाही असे ठरले तरी तोटा नाही. रेडिएटरमधून परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता नीट वसूल करतो, त्यामुळे सेटिंग उतरवले की गॅसही वाचतो. हे बॉयलर बसवणाऱ्याने पहिल्याच दिवशी करून द्यायला हवे असते. फार थोडे जण करतात.

सगळे रेडिएटर बदला, या सल्ल्यामागे काही तथ्य जरूर आहे. रेडिएटरच्या कॅटलॉगमधला वॉटचा आकडा पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असताना काढलेला असतो. पाणी ४५ अंशांनी आत गेले आणि ४० अंशांनी बाहेर आले तर सरासरी ४२.५, म्हणजे २० अंशांच्या खोलीपेक्षा फक्त २२.५ अंश जास्त, आणि अशा वेळी रेडिएटर कॅटलॉगमधल्या आकड्याच्या ३५ टक्केच उष्णता देतो. ६० सेंटिमीटर उंच आणि एक मीटर लांब असा दुहेरी पॅनेलचा रेडिएटर कागदावर सुमारे १,७०० वॉटचा असतो, पण या परिस्थितीत तो ६०० वॉट देईल; त्याच मापाचा एकेरी पॅनेलचा असेल तर जेमतेम साडेतीनशे. तुमच्या बैठकीच्या खोलीला कडक थंडीत हजारभर वॉट लागत असतील तर तिथला रेडिएटर कमी पडणार, हे उघड आहे. मात्र जुन्या इन्स्टॉलरांनी अंदाजाने मोठे रेडिएटर लावून ठेवल्याचेही मी अनेक घरांत पाहतो, आणि मधल्या काळात दुहेरी भिंतींमधली पोकळी इन्सुलेशनने भरली गेली असेल, खिडक्यांना दुहेरी काच (डबल ग्लेझिंग) बसली असेल तर खोलीची गरज मूळ हिशेबापेक्षा खूप उतरलेली असते. अशा घरात दहापैकी तीन-चार रेडिएटर बदलून भागते. कोणते, ते खोलीनिहाय हिशेबाशिवाय सांगता येत नाही आणि सांगूही नये.

यावरून १२ किलोवॉटच्या कोटेशनकडे येऊ. काँबी बॉयलर २४ किंवा ३० किलोवॉटचा असतो तो शॉवरचे पाणी क्षणात तापवण्यासाठी. घर तापवण्यासाठी त्याची इतकी ताकद कधीच लागत नाही. वर्षाच्या गॅस युनिटना २,९०० ने भागले की किती किलोवॉटचा पंप लागेल याचा ढोबळ अंदाज येतो, असा एक ठोकताळा इथे वापरला जातो. तुमच्या १४,००० युनिटना भागले तर उत्तर ४.८ येते. घर दिवसभर रिकामे आणि गार ठेवले जात असेल तर हा अंदाज कमी निघतो, म्हणून मी तो फक्त पडताळणीसाठी वापरतो, तरीही ४.८ आणि १२ यांत जे अंतर आहे त्याचे स्पष्टीकरण मागितलेच पाहिजे. बहुतेक वेळा त्याचे मूळ सर्व्हेच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. भिंतीची पोकळी भरलेली नाही असे गृहीत धरले की भिंतीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातून उष्णता किती निसटते याचे माप, दीडच्या पुढे जातो, भरलेली असेल तर तो अर्ध्याच्या आसपास असतो. तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते, याचा आकडाही घराच्या वयावरून आपोआप भरला जातो आणि तो बऱ्याचदा वास्तवापेक्षा फार मोठा असतो. इन्स्टॉलरकडून खोलीनिहाय अहवाल मागून घ्या आणि हे दोन रकाने आधी बघा.

मोठा पंप घेतला तर बिघडले कुठे, असे वाटणे साहजिक आहे. पण इंग्लंडचा हिवाळा बहुतेक दिवस सात-आठ अंशांचा असतो, आणि तेव्हा तुमच्या घराला दोन-अडीच किलोवॉटच पुरतात. १२ किलोवॉटचा पंप इतका खाली उतरू शकत नाही, मग तो चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. वीज जास्त खातो आणि कंप्रेसरची झीज होते. हे लपवण्यासाठी पंप आणि रेडिएटर यांच्या मधे पाणी साठवणारी बफर टाकी घातली जाते आणि तिच्यात येणारे व जाणारे पाणी मिसळून तापमान उतरते, म्हणून पंपाला पुन्हा काही अंश जास्त तापवावे लागते. बफरला काही घरांत खरे कारण असते. तुमच्या आकाराच्या घरात ते कारण काय, हे लेखी विचारावे.

नळ्यांबद्दल मात्र तुम्ही काहीच लिहिलेले नाही. बॉयलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक असू शकतो, हीट पंपात तो पाचच्या आसपास ठेवतात, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी फिरवावे लागते. २२ मिलिमीटरच्या मुख्य तांब्याच्या नळीतून सहा किलोवॉट व्यवस्थित जातात. रेडिएटरला जाणाऱ्या नळ्या १५ मिलिमीटरच्या असतील तर चिंता नाही. १० असतील तर लहान खोल्यांना चालतील. ८ मिलिमीटरच्या बारीक नळ्या असतील तर खर्च वाढेल. रेडिएटरच्या खाली फरशीतून वर येणारी नळी मोजा, दोन मिनिटांचे काम आहे.

आईवडिलांचा मुद्दा मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हीट पंपाविषयीच्या तक्रारी बऱ्याचदा यंत्राच्या नसून सवयीच्या असतात. आपल्याला रेडिएटर हाताला चटका देणारा हवा असतो, त्यावर टॉवेल वाळवायचे असतात आणि बाहेरून आल्यावर त्याला पाठ टेकून उभे राहायचे असते. हीट पंपाच्या घरात रेडिएटर दिवसभर कोमट असतो, नोव्हेंबरमध्ये तर हात लावला तरी चालू आहे की बंद ते कळत नाही, पण खोली सकाळी सहाला आणि रात्री अकराला सारखीच असते. वयस्कर माणसांना ही स्थिर ऊब सकाळ-संध्याकाळच्या झटक्यांपेक्षा मानवते, असा माझा अनुभव आहे. त्यांना २३ अंश हवे असतील तर ते आत्ताच डिझाइनमध्ये लिहायला सांगा. उणे दोनला २० ऐवजी २३ ठेवायचे तर त्या खोलीला साधारण १४ टक्के जास्त उष्णता लागते, म्हणजे तिथे एक माप मोठा रेडिएटर. नंतर पंपाचे तापमान वाढवून ही तूट भरून काढायला गेलात तर साऱ्या घराचे बिल वाढते.

चालवण्याची पद्धतही बदलावी लागते. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचे तापमान आपोआप कमी-जास्त करणारे वेदर कॉम्पेन्सेशन चालू असावे, रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे असावेत आणि रात्री फार तर एक-दोन अंश उतरवावेत. बाजारातला हुशार म्हणवणारा चालू-बंद थर्मोस्टॅट मधे घातला की पंपाच्या स्वतःच्या नियंत्रणाला आंधळे केल्यासारखे होते, म्हणून मी शक्यतो तो लावू देत नाही.

काँबी गेला की सिलिंडर, म्हणजे गरम पाण्याची टाकी, येतो आणि त्याला जागा लागते. २०० लिटरचा सिलिंडर म्हणजे कपाटाएवढी जागा, आणि तुमच्यासारख्या घरांत वरच्या मजल्यावरचे जुने एअरिंग कपबर्ड, म्हणजे पूर्वी गरम पाण्याची टाकी असलेले कपाट, मोडून तिथे शेल्फ केलेले असतात, ते परत द्यावे लागतात. ५० अंशांचे २०० लिटर पाणी गार पाणी मिसळून ४० अंशांचे सुमारे २६५ लिटर होते, म्हणजे लागोपाठ चार जणांचे आठ-आठ मिनिटांचे शॉवर. रिकामा सिलिंडर सहा किलोवॉटच्या पंपाने पुन्हा तापायला दीड तास लागतो आणि तेवढा वेळ रेडिएटर थांबतात. एरवी हे जाणवत नाही, पण नरक चतुर्दशीला पाहुण्यांसकट आठ जणांची अभ्यंगस्नाने पहाटे उरकायची असतील तर आदल्या रात्री तापमान ५५-६० करून ठेवावे.

स्वयंपाकघराचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार आहे. शेगडीपुरता गॅस ठेवला तर रोजचा स्थिर आकार चालूच राहतो आणि दिवसाला ३० पेन्स धरले तरी वर्षाला ११० पौंड होतात. वरच्या हिशेबात साडेतीनच्या सरासरीला जी थोडी तूट दिसते ती गॅसचे कनेक्शन काढल्यावरच भरून निघते. इंडक्शनवर भाकरी होते, पण तवा लोखंडी आणि बुडाला सपाट हवा. आपले खोलगट तवे आणि अ‍ॅल्युमिनियमचे कुकर तिथे निरुपयोगी ठरतात. फुलका जाळावर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावा लागतो. अनेक घरांत हीट पंपाला होकार मिळतो आणि गाडी इथे अडते. घरात एकमत होत नसेल तर मी गॅस राहू द्या म्हणतो. शेगडी गॅसवर राहिली म्हणून हीट पंपाचे सरकारी अनुदान अडत नाही.

बाहेरच्या युनिटबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शून्य ते पाच अंशांच्या दमट सकाळी त्याची मागची जाळी पांढऱ्या बर्फाने भरते, मग पंखा अचानक थांबतो, आतून फुसकारल्यासारखा आवाज येतो, वाफेचा लोट उठतो आणि खालून पाणी वाहू लागते. हा बिघाड नाही, पंप स्वतःचा बर्फ वितळवत असतो. मात्र ते पाणी खडीच्या खड्ड्यात मुरले पाहिजे. ते पायवाटेवर गेले तर गोठून घसरगुंडी होते. सध्याचे अनेक पंप आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरतात. तो ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे युनिटच्या भोवतालच्या ठरावीक अंतरात दार, खिडकी किंवा गटाराचे तोंड चालत नाही. २०२५च्या मेपासून इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटरची अट उरलेली नाही, पण आवाजाचा हिशेब द्यावाच लागतो.

अनुदानाचे सोपे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून ७,५०० पौंड मिळतात. अर्ज इन्स्टॉलर करतो आणि रक्कम कोटेशनमधूनच वजा होते. इन्स्टॉलर एमसीएस या प्रमाणन योजनेत नोंदलेला हवा. बॉयलर ठेवून जोडीला पंप, अशा हायब्रिड रचनेला हे अनुदान नाही. शिवाय ३१ मार्च २०२७ पर्यंत ब्रिटनमध्ये या कामावर व्हॅट शून्य आहे. अनुदानापूर्वीचा खर्च बारा-तेरा हजार पौंडांच्या आसपास धरला तर खिशातून जाणारी रक्कम नव्या बॉयलरपेक्षा जास्त, पण दुप्पटीच्या फार पुढे जात नाही. वीज वितरण कंपनीलाही कळवावे लागते. १९३०च्या दशकातल्या सेमी घरांत दोन घरांना मिळून एकच केबल आलेली असण्याची शक्यता असते आणि तसे निघाले तर ती वेगळी करून घेण्यात काही आठवडे जातात.

घर हीट पंपाला योग्य नाही, हे दुसऱ्या इन्स्टॉलरचे म्हणणे मला तुमच्या वर्णनावरून पटत नाही. १४,००० युनिटमध्ये भागणारे घर गळके नाही. माळ्यावर २७० मिलिमीटर इन्सुलेशन नसेल तर ते घाला, भिंतीची पोकळी रिकामी असेल तर भरून घ्या. त्यापलीकडे आधी साऱ्या घराची डागडुजी करा आणि मगच हीट पंपाचा विचार करा, हा सल्ला मी देत नाही. भरीव विटांची भिंत असती, दोन-तीन वर्षांत घर विकायचे असते, सिलिंडरला खरोखरच जागा नसती किंवा बॉयलर चार वर्षांचाच असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

तुमच्या बाबतीत घाई न करणे आणि उशीरही न करणे, दोन्ही महत्त्वाचे. चौदा वर्षांचा बॉयलर जानेवारीत बंद पडला आणि घरात वृद्ध माणसे असली की कोणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी मिळेल तो बॉयलर बसवून घेतो, आणि मग पुढची बारा-पंधरा वर्षे तो प्रश्न मिटतो. म्हणून चाचणी या हिवाळ्यातच करावी. खोल्यांच्या तापमानांचा कागद, नळ्यांची मापे आणि वर्षभराची गॅसची बिले घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन नव्या इन्स्टॉलरांना बोलवा. प्रत्येकाकडून उणे दोन अंशांना फ्लोचे, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे, तापमान किती धरले आहे, ते कोटेशनवर लिहून घ्या. जो ४५ किंवा त्याखाली लिहून देईल आणि खोलीनिहाय हिशेब सोबत जोडेल, त्याचे कोटेशन हजारभर पौंडांनी महाग असले तरी मी तेच निवडेन. काम मे-जूनमध्ये काढले तर दोन-चार दिवस हीटिंग नसल्याचे कोणाला जाणवणारही नाही.